अंगठा लागत नाही? दरवेळी दोष बोटाचा नसतो, कधीकधी जुना कॉम्प्युटर नडतो

नोव्हेंबर म्हणजे सरकारी पेन्शनरांचा हयातीचा दाखला देण्याचा महिना. कोपरगाव असो की शेजारचं येवला, सेवा केंद्रात एक वाक्य हमखास ऐकू येतं, "बाबा, अंगठा लागत नाही, उद्या या."

मग बोट पुसलं जातं, पावडर लावली जाते. शेतात राबून रेषा झिजल्या, असं म्हणून माणूस घरी परततो. पुन्हा एसटीचं भाडं, पुन्हा एक दिवस मोडला.

रेषा खरंच झिजतात, हे खरं. पण बऱ्याचदा खोट टेबलाखाली असते.

टेबलावर काय काय असतं बघा. कीबोर्ड, माऊस, प्रिंटर, स्कॅनर, वेबकॅम, पेन ड्राईव्ह आणि अंगठ्याचं मशीन. आणि हे सगळं एका जुन्या कॉम्प्युटरला जोडलेलं.

आता नियम काय सांगतो? १९९६ साली यूएसबी आली. इंटेलमध्ये ती घडवणाऱ्या टीममध्ये वडोदऱ्याचे अजय भट्ट होते. एका यूएसबी कंट्रोलरवर १२७ उपकरणं चालू शकतात, असं हे गणित आहे.

मग गाडी अडते कुठे?

पहिली अडचण करंटची. जुन्या यूएसबी २.० पोर्टमधून नियमाप्रमाणे ५०० मिलिअँपिअर करंट मिळतो. पोर्ट कमी पडले की आपण साधा, चार तोंडांचा हब लावतो. पण त्या एका पोर्टचा करंटच चौघांत वाटला जातो. एकेकाच्या वाट्याला जेमतेम १०० मिलिअँपिअर येतो. त्यात वेगळी पॉवर केबल नसलेला पातळ स्कॅनर जोडला, की अंगठ्याचं मशीन मध्येच बंद पडू शकतं.

दुसरी अडचण ड्रायव्हरची. ड्रायव्हर म्हणजे कॉम्प्युटर आणि मशीन यांच्यातला दुभाषी. ३२ बिट विंडोजला ६४ बिटचा ड्रायव्हर चालत नाही, आणि उलटंही नाही. विंडोज ७ मध्ये तर यूएसबी ३.० चा ड्रायव्हर मुळात नव्हताच, त्यामुळे नव्याने विंडोज टाकली की निळे पोर्ट मुके होतात.

तिसरी अडचण आधारची. अंगठ्याच्या मशीनला नुसता ड्रायव्हर पुरत नाही, आरडी सर्व्हिस नावाचं सॉफ्टवेअरही लागतं. ठसा सुरक्षित करून पुढे पाठवण्याचं काम ते करतं. ते बंद असेल तर मशीनचा दिवा लागेल, पण काम होणार नाही.

मग करायचं काय?

१. जुन्या कॉम्प्युटरला मागे जांभळं आणि हिरवं गोल पोर्ट असेल, तर तसाच कीबोर्ड आणि माऊस तिथे लावा. दोन यूएसबी पोर्ट मोकळे होतात. मात्र हे जोडताना कॉम्प्युटर बंद हवा.

२. अंगठ्याचं मशीन हबवर नको, थेट मागच्या पोर्टला लावा. रोज तोच पोर्ट वापरा. पोर्ट बदलला की विंडोज काही मशीनना नवीन समजून ड्रायव्हर पुन्हा शोधत बसते.

३. हब घ्यायचाच असेल तर स्वतःचा अडॅप्टर असलेला घ्या.

४. डिव्हाईस मॅनेजर उघडा. पिवळा त्रिकोण दिसला तर आधी ड्रायव्हर तपासा. तो कंपनीच्याच वेबसाईटवरून घ्या.

नवीन विंडोज टाकली तर?

विंडोज ७ चा सपोर्ट १४ जानेवारी २०२० ला संपला, विंडोज १० चा १४ ऑक्टोबर २०२५ ला. विंडोज ११ फक्त ६४ बिटमध्ये येते. त्यामुळे ज्या जुन्या प्रिंटरचा ड्रायव्हर फक्त ३२ बिटचा आहे, तो तिथे चालणार नाही. कॉम्प्युटर बदलण्याआधी एकेका मशीनचा ड्रायव्हर मिळतो का, ते बघून घ्या.

आणि पेन्शनरांसाठी एक सोपी वाट आहे. नोव्हेंबर २०२१ पासून हयातीचा दाखला अँड्रॉईड मोबाईलवर चेहरा दाखवूनही देता येतो. त्याला अंगठ्याचं मशीन लागत नाही.

त्यामुळे पुढच्या वेळी "उद्या या" ऐकलं, तर एवढंच विचारा, "मशीन दुसऱ्या पोर्टला लावून बघता का?"