कुलूप उघडलं, पण आवाज कुठंय?

आधी एक कोडं घालतो. कुलूप निघालंय, दार सताड उघडं आहे, आत दिवाही लागलाय; पण हाक मारली तर आतून कुणी ओ देत नाही. सांगा पाहू काय?

नाही आलं? मलाही आलं नव्हतं. आमच्या आखाडा बाळापूरला माझ्या वर्गातल्या एका मुलाची आजी हे कोडं पदरात गुंडाळून शाळेत घेऊन आली. पदर सोडला, तर आत एक स्मार्टफोन!

मुलाचे वडील पुण्याला बांधकामावर आहेत. घरचा जुना फोन बंद पडला म्हणून त्यांनी पै पै साठवून एक वापरलेला फोन घेतला आणि गावाकडं पाठवला. विकणारा छातीठोकपणे म्हणाला होता, "अमेरिकेतून आलाय. अनलॉक आहे. कुठलंही सिम घाला, चालणारच!" आजीनं घरातलं सिम घातलं. इंटरनेट सुरू झालं, चित्रं हलू लागली. पण वडिलांचा फोन काही लागेना. वडिलांकडं साधा बटणांचा फोन, त्यामुळं व्हॉट्सअ‍ॅपवरूनही बोलता येईना. रोज संध्याकाळी लेकराशी बोलणारा बाप आठ दिवस गप्प!

"सर, नेट चालायलंय, पण फोन लागना. बघा की जरा," आजी म्हणाली. पोरगा शेजारी उभा होता, डोळे भरलेले.

मग आम्ही सगळ्या वर्गानं मिळून या कोड्याचा माग काढला. तुम्हीही चला आमच्याबरोबर.

पहिली गोष्ट : कुलूप

अनलॉक म्हणजे काय? कुलूप काढलेला. अमेरिकेत मोबाइल कंपन्या पुष्कळदा हप्त्यानं फोन देतात. हप्ते फिटेपर्यंत त्यात दुसऱ्या कंपनीचं सिम चालू नये, म्हणून फोनला आतून कुलूप घातलेलं असतं. ब्रिटनमध्ये असे कुलूपबंद फोन विकायला कंपन्यांना डिसेंबर २०२१ पासून बंदी आहे. आपल्याकडंही थोडे असे फोन होऊन गेले. २००३ च्या सुमारास रिलायन्सचे जे सीडीएमए फोन घरोघर आले, त्यांत काढता-घालता येणारं सिमच नसायचं. नंबर फोनच्या पोटातच! २०१७ साली आलेला जिओफोनही त्याच कंपनीच्या सिमवर चालणारा. पण आपल्या दुकानांतले बहुतेक फोन बिनकुलपाचेच असतात.

म्हणजे विकणारा खोटं बोलला नव्हता. कुलूप खरंच निघालेलं होतं. पण कुलूप निघालं म्हणजे फोन चालणारच, असं थोडंच आहे?

दुसरी गोष्ट : लहरी

फोन आणि टॉवर यांचं बोलणं रेडिओ-लहरींवर चालतं. तुमच्या आजोबांच्या रेडिओवर परभणी केंद्र मीडियम वेव्हवर लागायचं. आता समजा, कुणी फक्त एफएमचा रेडिओ आणला असता, तर त्यावर ते लागलं असतं का? नाही! रेडिओ बिघडलेला नाही, पण ती लहर ऐकायचा कानच त्याला नाही.

फोनचंही तसंच, बरं का! प्रत्येक कंपनी ठरावीक लहरींवर काम करते. लहरींच्या या पट्ट्यांना बँड म्हणतात. जिओचं ४जी ८५०, १८०० आणि २३०० मेगाहर्ट्झवर चालतं. १८०० मेगाहर्ट्झ म्हणजे एका सेकंदात १८० कोटी कंपनं! बीएसएनएलच्या ४जीसाठी ७०० आणि २१०० हे महत्त्वाचे पट्टे. अमेरिकेतले काही पट्टे वेगळे आहेत. तिकडच्यासाठी बनवलेल्या फोनला आपल्याकडचे दोन पट्टे ऐकू येतात, तर तिसरा येत नाही, असं होऊ शकतं.

त्यातही एक गंमत आहे. ७००-८५० च्या लहरी लांबवर जातात, भिंतीतूनही बऱ्यापैकी आत शिरतात. २३०० च्या तेवढ्या शिरत नाहीत. म्हणून एखादा फोन ओट्यावर छान चालतो आणि माजघरात मुका होतो.

पण आजीच्या फोनवर तर इंटरनेट येत होतं. म्हणजे लहरी पोहोचत होत्या. मग घोडं अडलं कुठं?

तिसरी गोष्ट : बोलायची रीत

इथंच खरी मेख होती. आपल्या देशात मोबाइलवरचं पहिलं बोलणं ३१ जुलै १९९५ ला झालं, कोलकाता ते दिल्ली. पुढं बरीच वर्षं बोलणं २जी-३जीच्या वाटेनं जायचं. ४जी आलं ते मुळात इंटरनेटसाठी. त्यावरून आवाज पाठवायची जी नवी रीत निघाली, तिला व्होल्टी म्हणतात. जिओची सेवा ५ सप्टेंबर २०१६ ला सुरू झाली ती थेट ४जीवर, मागं २जी नाहीच. एअरटेल, व्ही आणि बीएसएनएल यांचं २जी मात्र अजून आहे.

आता फोनला व्होल्टी येत असली, तरी त्या देशातल्या त्या कंपनीसाठी ती सुरू करणारी आज्ञावली फोनमध्ये असावी लागते. नसेल तर इंटरनेट येतं, बोलणं येत नाही. २जी असेल तर फोन निदान त्या जुन्या वाटेनं बोलतो. २जी नसेल तर मुकाच!

ही आज्ञावली किती महत्त्वाची, पाहा. भारतात ५जी १ ऑक्टोबर २०२२ ला सुरू झालं. तेव्हा कितीतरी आयफोनांच्या अंगात ५जीची ताकद होती. पण डिसेंबर २०२२ मध्ये त्यांची आज्ञावली सुधारून येईपर्यंत त्यांवर ५जी चाललं नाही. कुलूप नव्हतं, लहरी होत्या, अडलं होतं फक्त आज्ञावलीसाठी.

मग आम्ही काय केलं?

माझ्या फोनमध्ये २जी असलेल्या कंपनीचं सिम होतं. ते काढलं, आजीच्या फोनमध्ये घातलं आणि पोराला म्हटलं, "लाव बाबांना." वर्ग चिडीचूप. एक रिंग, दोन रिंग... आणि पलीकडून आवाज आला, "हॅलो, कोण?" पोरगं काही बोलेचना! आजीनंच फोन ओढून घेतला.

नंबर न बदलता कंपनी बदलायची सोय २० जानेवारी २०११ पासून देशभर आहे. ‘पोर्ट’ हा इंग्रजी शब्द, मग जागा सोडून आपला नंबर, असा संदेश १९०० वर पाठवायचा आणि आलेला क्रमांक घेऊन नव्या कंपनीच्या दुकानात जायचं. आजीनं तेच केलं. जुना नंबर तसाच राहिला.

आई-बाबांना हे वाचून दाखवा

घरात वापरलेला फोन घ्यायचा असेल, तर पैसे देण्याआधी एवढं करा.

१) फोनवर *#०६# दाबा. पंधरा आकडी आयएमईआय क्रमांक दिसेल. के वाय एम ही इंग्रजी अक्षरं, जागा आणि तो क्रमांक, असा संदेश १४४२२ वर पाठवा. उत्तरात फोन काळ्या यादीत असल्याचं आलं, तर तो घेऊ नका.

२) फोनचं मॉडेल पाहून त्याचे बँड आपल्या कंपनीच्या बँडशी ताडून पाहा.

३) आपलंच सिम घालून दुकानातच एक फोन लावा आणि एक येऊ द्या. घरी, आतल्या खोलीतही लावून पाहता आला तर उत्तमच.

आता कोड्याचं उत्तर आलं ना? आमच्या वर्गातला तो मुलगा आता दुसऱ्यांना विचारतो, "अनलॉक आहे म्हणता, पण बोलतोय का?"