नाटकाचे परीक्षण

मुलांनो, नाटक पाहून तुम्ही घरी येता. अम्मी विचारते, "नाटक कसे होते?" तुम्ही म्हणता, "छान होते!" पण एवढ्याने तिला काय समजणार? काय छान होते आणि का, हे सांगितले तरच तिला ते नाटक थोडेफार दिसेल. पाहिलेल्या प्रयोगाविषयी कारणे देऊन लिहिणे, यालाच नाट्यपरीक्षण म्हणतात.

शेक्सपिअरच्या 'हॅम्लेट' नाटकाचे उदाहरण घेऊ. इंग्लंडमध्ये राणी पहिली एलिझाबेथ राज्य करत होती, तेव्हा सुमारे १६०० साली ते लिहिले गेले. डेन्मार्कचा राजा मरण पावतो. त्याचा भाऊ गादीवर बसतो. एका रात्री मृत राजाचे भूत राजपुत्र हॅम्लेटला सांगते, की माझ्या भावानेच माझा खून केला. हे खरे मानावे की नाही, या विचारात हॅम्लेट पडतो.

परीक्षणात गोष्ट एवढीच पुरे. पूर्ण गोष्ट पुस्तकातही मिळते. आपल्याला सांगायचे आहे, ते नटांनी ती गोष्ट रंगमंचावर कशी उभी केली ते.

नाटक सुरू होते, तेव्हा मध्यरात्र असते. पहारेकरी घाबरलेले असतात. त्या काळी लंडनच्या 'ग्लोब' नाट्यगृहात दुपारी, उघड्या आकाशाखाली प्रयोग होत. एक पेनी देऊन लोक उभ्याने नाटक पाहत. मग भर उन्हात रात्र कशी दाखवत? नटांच्या बोलण्यातून! आज दिवे मालवून अंधार करता येतो. पण भीती मात्र नटालाच निर्माण करावी लागते. म्हणून "पहिला प्रवेश चांगला झाला" असे लिहू नका. "पहारेकऱ्याचा आवाज कापला आणि प्रेक्षक एकदम शांत झाले" असे लिहा.

अभिनय कसा पारखावा, हे तर हॅम्लेटच सांगतो. नव्या राजाचा चेहरा पारखण्यासाठी तो नटांकडून तशाच खुनाचे नाटक करवतो. तो त्यांना बजावतो, की उगीच ओरडू नका, हात हवेत फिरवू नका, शब्दाला शोभेल असाच अभिनय करा. विनोदी नटाने पदरची वाक्ये घालू नयेत, असेही तो सांगतो. हीच कसोटी तुम्ही लावा.

दोष दिसला तर जरूर लिहा, पण थट्टा करू नका. नटाने पुष्कळ दिवस मेहनत केलेली असते. "हॅम्लेटचे काम वाईट होते" हे वाक्य त्याचे मन दुखवते. "हॅम्लेट भरभर बोलला, त्यामुळे मागच्या रांगेत शब्द ऐकू आले नाहीत" हे वाक्य त्याला सुधारायला मदत करते. मात्र नट आपला मित्र आहे, म्हणून खोटी स्तुतीही करू नका.

हे नाटक आपल्या भाषांतही आले. गोपाळ गणेश आगरकरांनी १८८३ साली 'विकारविलसित' या नावाने ते मराठीत आणले. उर्दू रंगभूमीवर ते 'खून-ए-नाहक' या नावाने गाजले. मराठीत गणपतराव जोशी यांचा हॅम्लेट फार नावाजला गेला. ते प्रयोग आज कोणालाही पाहता येणार नाहीत. पाहणाऱ्यांनी जे लिहून ठेवले, तेवढेच आपल्या हाती उरते.

मुलांनो, पुस्तक पुन्हा उघडता येते. झालेला प्रयोग मात्र पुन्हा तसाच दिसत नाही. म्हणून जे पाहिले, ते खरे लिहा.