४२९४९६७२९७ (संख्या)

४,२९,४९,६७,२९७ (चार अब्ज एकोणतीस कोटी एकोणपन्नास लाख सदुसष्ट हजार दोनशे सत्त्याण्णव) ही एक विषम संयुक्त संख्या आहे. २ च्या ३२ व्या घातात १ मिळवला की ती मिळते. द्विमान पद्धतीत तिच्या दोन्ही टोकांना १ आणि मध्ये ३१ शून्ये येतात. एका मोठ्या गणितज्ञाचा अंदाज या संख्येने खोटा ठरवला, हे तिचे गणिताच्या इतिहासातील महत्त्व होय.

फ्रेंच गणितज्ञ पिएर द फर्मा याने इ.स. १६४० मध्ये असे मत मांडले की, २ च्या १, २, ४, ८, १६, ३२ अशा दुपटीने वाढणाऱ्या घातांत १ मिळवून येणारी प्रत्येक संख्या मूळ असते. पहिल्या पाच संख्या, म्हणजे ३, ५, १७, २५७ आणि ६५,५३७, खरोखरच मूळ आहेत. प्रस्तुत संख्या या क्रमात सहावी. इ.स. १७३२ मध्ये लिओनार्ड ऑयलरने तिचे अवयव दाखवले: ६४१ × ६७,००,४१७. हे दोन्ही अवयव मूळ आहेत.

ही संख्या मूळ आहे की नाही हे सरळ भागाकारांनी ठरवायचे, तर ६५,५३६ पेक्षा लहान अशा ६,५४२ मूळ संख्या उपलब्ध आहेत. मात्र तिच्या प्रत्येक मूळ अवयवाला ६४ ने भागल्यास बाकी १ उरते, हे ऑयलरने सिद्ध केले. या अटीत बसणाऱ्या मूळ संख्या १९३, २५७, ४४९, ५७७, ६४१ अशा आहेत. पाचव्याच प्रयत्नात अवयव सापडतो.

६४१ ने भाग जातो हे भागाकार न करताही दाखवता येते. ६४० च्या चौथ्या घातातून १ वजा केल्यास उरणाऱ्या संख्येला ६४१ ने भाग जातो. ६४० = ५ × १२८ असल्याने तो चौथा घात म्हणजे ६२५ गुणिले २ चा २८ वा घात. दुसरीकडे ६४१ = ६२५ + १६; म्हणून ६२५ व १६ या दोहोंना २ च्या २८ व्या घाताने गुणून केलेल्या बेरजेलाही ६४१ ने भाग जातो. या बेरजेतून पहिली संख्या वजा केली की २ चा ३२ वा घात अधिक १, म्हणजे प्रस्तुत संख्याच, उरते.

मूळ संख्या ओळखण्याची एक कसोटी फर्माच्याच प्रमेयातून मिळते. २ हा पाया घेतल्यास ही संयुक्त संख्या त्या कसोटीला उतरते, ३ घेतल्यास मात्र उतरत नाही.

संख्येचा भूमितीशीही संबंध आहे. इतक्या बाजूंची सुसम बहुभुजाकृती पट्टी व कंपासने काढता येत नाही. तिच्याहून दोन बाजू कमी असलेली, ४,२९,४९,६७,२९५ बाजूंची आकृती मात्र तत्त्वतः काढता येते, कारण ती संख्या वरील पाच मूळ संख्यांचा गुणाकार आहे. सहावी फर्मा मूळ संख्या अद्याप सापडलेली नाही.