एकाला सुळका, दुसऱ्याला नाणेघाट

जुन्नर तालुक्यातल्या जीवधन किल्ल्याच्या कड्यापासून सुटून उभा असलेला वानरलिंगी सुळका साधारण साडेतीनशे फूट उंच आहे. प्रस्तरारोहण करणाऱ्याला तो कधीचा खुणावत असतो. जोडीदाराला मात्र दोर, हार्नेस, कातळ यांत फारसा रस नसतो. अशा दोघांनी जुन्नरला दोन दिवस काढायचे, तर आखणी चढाईच्या वेळेपासून सुरू करावी. बेत बहुतेकदा तिथेच फसतो.

ग्रीसमधल्या कॅलिम्नोस बेटावर चुनखडीच्या कड्यांत बोल्ट आधीच ठोकलेले असतात आणि बरेचसे मार्ग एका दोराच्या लांबीचे. सकाळी दोन-तीन मार्ग चढून दुपारी दोघांना समुद्रावर जाता येतं. सुळक्याचं तसं नाही. आघाडीचा आरोहक एक टप्पा चढतो, वर स्वतःला नीट बांधून घेतो, मग मागच्याला वर घेतो. पुन्हा पुढचा टप्पा. माथ्यावरून रॅपलिंग करत टप्प्याटप्प्यानंच उतरायचं. तुकडी पाच-सहा जणांची असेल तर प्रत्येक टप्प्यावर खोळंबा होतो. पायथ्यापर्यंतची चाल धरली की अख्खा दिवस जातो. ‘दुपारी जेवायला येतो’ असा शब्द देऊच नये.

जोडीदाराला पायथ्याशी बसवून ठेवणंही चूक. इथला बसाल्ट थराथरांचा आहे. घट्ट थरांच्या मधे ठिसूळ पट्टे येतात आणि चढताना दगड सुटतात. कड्यांवर आग्या मोहोळंही असतात. त्याहून मोठी चूक म्हणजे माणूस कमी पडतो म्हणून त्याच्याच हाती बिलेचा, म्हणजे चढणाऱ्याला सांभाळणारा, दोर देणं. बिले हे शिकून, सराव करून आणि मनापासून करायचं काम आहे. तिथे वरच्याचा जीव खालच्याच्या हातात असतो. भिडेखातर ‘हो’ म्हटलेल्या माणसावर ते टाकू नये. अनुभवी गिर्यारोहण संस्थेबरोबर किंवा नेहमीच्या सोबत्यांबरोबर चढावं.

मग जोडीदाराचा दिवस कसा जावा? सुळक्यासमोरच नाणेघाट आहे, आणि तो वेळ काढण्याची जागा मुळीच नाही. कोकणातल्या बंदरांवरून जुन्नरमार्गे पैठणकडे जाणारा सातवाहनांचा व्यापारी मार्ग याच खिंडीतून जात होता. घाटाच्या तोंडाशी जकातीचा म्हणून ओळखला जाणारा दगडी रांजण आहे. थोडं खाली गुहेत सातवाहनांच्या नागनिका राणीचा ब्राह्मी लेख आहे. यज्ञांत दिलेल्या दानांची त्यात मोजदाद आहे, त्यामुळे भारतातल्या फार जुन्या अंकचिन्हांसाठी अभ्यासक इथे येतात. मागच्या भिंतीवर राजघराण्यातल्या व्यक्तींचे पुतळे कोरलेले होते. आता वरची नावं आणि पायांच्या खुणा तेवढ्या उरल्या आहेत. आधी थोडं वाचून आलं तर या एका गुहेतच सकाळ जाते. पठारावरून वानरलिंगी दिसतो. दुर्बीण असली तर चढणारेही दिसतात. दुपारी गाडीनं पूर गावच्या कुकडेश्वर मंदिरात जाता येतं. कुकडी नदीचा उगम तिथलाच मानतात. जुन्नरजवळच्या तुळजा लेण्यातला बारा खांबांचा गोल चैत्यही पाहण्यासारखा आहे. मात्र गाडी आणि तिची किल्ली त्या दिवशी जोडीदाराकडेच हवी. नाहीतर हे सगळं कागदावरच राहतं.

मुक्काम पायथ्याच्या घाटघरला ठरवावा, म्हणजे पहाटे निघणाऱ्यासाठी दुसऱ्याची झोपमोड करून जुन्नरहून यावं लागत नाही. जेवणाचं गावात आधी सांगून ठेवावं. हंगाम नोव्हेंबर ते फेब्रुवारी. पावसाळ्यात घाट सुंदर दिसतो, पण कातळ चढण्याजोगा नसतो.

दुसऱ्या दिवशी दोर डिकीतच राहू द्यावा. घोडेगावमार्गे आंबेगाव तालुक्यात शिरून डिंभे धरणाच्या जलाशयाच्या कडेकडेनं आहुप्याला जावं. जुनं आंबेगाव याच पाण्याखाली गेलं. आहुप्याला राखलेली देवराई आहे, आणि कड्यावरून खाली कोकण, गोरखगड, मच्छिंद्रगड दिसतात. इथे चालणं दोघांच्या बेताचं आहे.

शेवटी वेळेचं. या भागात मोबाइलच्या नेटवर्कचा भरवसा धरू नये. आदल्या रात्रीच दोन वेळा ठरवाव्यात: कितीही वर पोचलो असलो तरी अमुक वाजता परत फिरणार, ही एक, आणि अमुक वाजेपर्यंत घाटघरला पोचलो नाही तर गावात कुणाला सांगायचं, ही दुसरी. दोन्ही कागदावर लिहून जोडीदाराकडे द्याव्यात आणि त्या माणसाशी त्याची ओळखही आदल्या संध्याकाळीच करून द्यावी.