फॉर्म एका पानावर, ओझं सगळ्या साइटवर

बरेच वर्डप्रेस प्लगिन आपल्या स्क्रिप्ट आणि स्टाइल प्रत्येक पानावर लोड करतात. फॉर्मचा शॉर्टकोड एकाच पानावर, फाइली मात्र सगळीकडे! त्यापेक्षा ‘डब्ल्यूपी एनक्यू स्क्रिप्ट्स’ या हुकवर फाइल नुसती रजिस्टर करा आणि एनक्यू करा थेट शॉर्टकोडच्या फंक्शनमध्ये. मग स्क्रिप्ट गरज असेल त्याच पानावर येते, क्लासिक थीममध्ये फूटरला. पान ओळखायच्या इफ-एल्सच्या रांगाही जातात. ६.९ पूर्वीच्या आवृत्त्यांत क्लासिक थीममध्ये अशी उशिरा मागवलेली स्टाइलही फूटरलाच छापली जाते, त्यामुळे पान क्षणभर उघडंबोडकं दिसू शकतं. तेवढी स्टाइल आधीच मागवलेली बरी. ऑगस्ट २०२३ मध्ये आलेल्या ६.३ आवृत्तीपासून स्क्रिप्टसाठी डिफर किंवा असिंकही ती रजिस्टर करणाऱ्या फंक्शनलाच सांगता येतं. आणि हो, जेक्वेरी वर्डप्रेससोबतच येते. प्लगिनमध्ये तिची वेगळी प्रत कृपया घुसडू नका!