मातृप्रतिमांची नग्नता व समाजमाध्यमांचे नियम

वर्ध्याहून आर्वीकडे जाणाऱ्या मार्गावर आंजी (मोठी) हे गाव लागते. धाम नदीच्या खोऱ्यातील हा प्रदेश एके काळी वाकाटकांच्या सत्तेखाली होता. याच नदीच्या काठचे पवनार म्हणजे वाकाटकांची राजधानी प्रवरपूर होय, असे मत महामहोपाध्याय वा. वि. मिराशी यांनी मांडले होते, आणि १९६७ साली नागपूर विद्यापीठाने तेथे उत्खननही केले. तथापि या भागातील सामान्य माणसाचा मातृदेवतेशी असलेला परिचय उत्खननातून झालेला नाही. तो गावोगावच्या मातामायच्या ठाण्यातून आणि माहूरच्या यात्रेतून झालेला आहे. मातामाय म्हणजे बहुधा शेंदूर माखलेला अनघड दगड. माहूरला रेणुकेचे केवळ मुख पूजिले जाते. तेथे शिर आहे, धड नाही. याच्या नेमकी उलट, म्हणजे धड आहे पण शिर नाही, अशी मातृदेवता महाराष्ट्राच्या भूमीतून अनेक ठिकाणी निघाली आहे. अभ्यासक तिला लज्जागौरी म्हणतात.

आंजीच्या रहिवाशाला ही मूर्ती पाहावयाची असेल तर धाराशिव जिल्ह्यातील तेर काही जवळ नाही. त्याला ती दिसलीच तर हातातील मोबाईलच्या पडद्यावर, कोणा अभ्यासकाने किंवा संग्रहालयाने फेसबुक वा इन्स्टाग्राम यांवर ठेवलेल्या छायाचित्रातच दिसणार. म्हणजे त्याच्यापुरते हे पडदेच संग्रहालयाचे दालन झाले आहेत. या दालनात मातृत्वाची नग्न प्रतिमा कोणत्या नियमांनी टिकते वा उतरविली जाते, आणि ती उतरविली गेल्यास दाद कोठे मागावयाची, हे समजून घेणे म्हणूनच अगत्याचे आहे.

प्रथम मूर्तीचा विचार करू. लज्जागौरीच्या प्रतिमेत स्त्रीदेह उताणा असतो. गुडघे वाकवून पाय दोहोंकडे फाकलेले असतात. मस्तकाच्या जागी पुष्कळदा उमललेले कमळ असते. काही प्रतिमांत हातही नसतात, आणि काहींत देह जवळजवळ पूर्णघटाचाच आकार घेतो. कॅरोल रॅडक्लिफ बोलन यांनी १९९२ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात घटसदृश रूपापासून मानवी मुखाच्या रूपापर्यंत या प्रतिमांचे प्रकार लावून दाखविले आहेत. महाराष्ट्रात तेर, भोकरदन इत्यादी स्थळी इसवी सनाच्या प्रारंभीच्या शतकांतील लहान आकाराच्या प्रतिमा मिळाल्या. शिररहित मातृमूर्तीची कल्पना मात्र याहून फार जुनी असावी. पुणे जिल्ह्यातील इनामगाव येथे जोर्वे संस्कृतीच्या थरात कच्च्या मातीच्या पेटीत ठेवलेली शिररहित स्त्रीप्रतिमा सापडली, तिचा काळ सुमारे तीन हजार वर्षांमागचा आहे.

ही प्रसूतीची मुद्रा आहे की मीलनाची, याविषयी विद्वानांत एकमत नाही. स्टेला क्रॅमरिश यांनी १९५६ साली वैदिक उत्तानपदा अदितीशी तिचा संबंध जोडला. ह. धी. सांकलिया यांनी १९६० साली पश्चिम आशियापर्यंत तिचे धागे शोधले. रा. चिं. ढेरे यांनी १९७८ च्या 'लज्जागौरी' या ग्रंथात तिला रेणुका-यल्लम्मा, वारूळ व भूमी यांच्या उपासनेच्या संदर्भात ठेवून पाहिले. ती करविणाऱ्यांना तिच्याकडून काय हवे होते, याचा मात्र एक उत्तम पुरावा आंध्रातील नागार्जुनकोंडा येथे आहे. तेथील प्रतिमेवरील लेखात ती इक्ष्वाकू घराण्यातील राणी खंदुवुला हिने करविल्याचे नोंदविले असून राणीस 'अविधवा' व 'जीवपुत्रा' अशी विशेषणे लाविली आहेत. पती हयात आहे आणि मुले जगली आहेत, असे अभिमानाने सांगणाऱ्या स्त्रीने ही मूर्ती घडवून घेतली. ज्या काळी प्रसूती म्हणजे स्त्रीचा पुनर्जन्मच होता, त्या काळच्या आईचे हे दान आहे. त्यात लज्जेचा लवलेश नाही. लज्जा आली ती नावात. सांकलियांच्या निबंधाच्या मथळ्यातही 'निर्लज्ज स्त्री' या अर्थाचे शब्द अवतरणचिन्हांत आलेले आहेत. प्रतिमेस वस्त्र नेसविण्याचे काम असे प्रथम भाषेने केले, यंत्र पुष्कळ उशिरा आले.

आता यंत्राकडे वळू. फेसबुक व इन्स्टाग्राम चालविणाऱ्या मेटा या कंपनीच्या लिखित नियमांत स्त्रीच्या उघड्या स्तनाग्रांची छायाचित्रे सामान्यतः निषिद्ध असली, तरी स्तनपान, प्रसूती व प्रसूतीनंतरचे क्षण, आरोग्यविषयक चित्रे, तसेच चित्रकला व शिल्पकलेतील नग्न आकृती यांना अपवाद केलेले आहेत. हे अपवाद सहजासहजी मिळालेले नाहीत. २००८ साली स्तनपानाची छायाचित्रे काढून टाकल्यावरून अनेक मातांनी फेसबुकविरुद्ध निषेध केला होता. १५ मार्च २०१५ च्या सुमारास प्रसिद्ध झालेल्या नियमावलीत स्तनपानास स्पष्ट मुभा देण्यात आली. तेव्हा केवळ नियम वाचला तर लज्जागौरीस कोणताच धोका दिसत नाही.

धोका आहे तो नियमाच्या अंमलात. रोज येणारी कोट्यवधी चित्रे माणसांनी तपासणे अशक्य असल्यामुळे पहिली चाळणी यंत्राची असते. लक्षावधी छायाचित्रांवरून शिकविलेले हे यंत्र चित्रातील आकार, वर्ण व पोत यांवरून, हा नग्न मानवी देह असण्याचा संभव किती, याचा एक आकडा काढते. आकडा ठरावीक मर्यादेपलीकडे गेला की चित्र उतरविले जाते किंवा माणसाकडे तपासणीस पाठविले जाते. मर्यादा खाली आणली तर निरपराध चित्रे सापडतात. वर नेली तर खरोखर अपायकारक चित्रे निसटतात. दोन्ही चुका एकाच वेळी टाळता येत नाहीत. शिवाय एकदा उतरविलेल्या चित्राचा अंकरूप ठसा जतन करून त्याच्या प्रती आपोआप ओळखण्याची सोय असते. त्यामुळे पहिल्या निर्णयात चूक झाली तर ती त्या चित्राच्या प्रत्येक प्रतीमागे लागू शकते. भाजलेल्या मातीचा तांबूस वर्ण व त्वचेचा वर्ण यांतील भेद माणसाला पाहताक्षणी कळतो. यंत्राला तो शिकवावा लागतो, आणि शिकविण्यासाठी दिलेल्या चित्रांत अशा मूर्ती किती असतात यावर सारे अवलंबून राहते. मातामायच्या दगडाला अर्थातच ही अडचण नाही.

ही भीती काल्पनिक नव्हे. ऑस्ट्रियात १९०८ साली सापडलेली विलेनडॉर्फची मातृमूर्ती अवघी सुमारे ११ सेंटिमीटर उंचीची, चुनखडीची व सुमारे तीस हजार वर्षांपूर्वीची आहे. तिचे छायाचित्र फेसबुकने अडविल्याचे प्रकरण २०१८ साली गाजले. व्हिएन्नाच्या निसर्गेतिहास संग्रहालयाने जाहीर आक्षेप घेतला व कंपनीने चूक मान्य केली. ऑगस्ट २०२१ मध्ये पेद्रो अल्मोदोवार या स्पॅनिश दिग्दर्शकाच्या दोन मातांविषयीच्या चित्रपटाचे भित्तिपत्रक इन्स्टाग्रामने उतरविले. त्यावर दुधाचा थेंब आलेले स्तनाग्र डोळ्याच्या आकारात बसविले होते, आणि अश्रू व दूध यांचे ऐक्य हाच त्याचा आशय होता. गवगवा झाल्यावर तेही परत आले. ब्राझीलमधील प्रकरण मराठी वाचकाने विशेष ध्यानात ठेवावे असे आहे. स्तनांच्या कर्करोगाविषयी जागृती करणारी छायाचित्रे २०२० साली यंत्राने काढून टाकली. कंपनीनेच नेमलेल्या निरीक्षण मंडळाने जानेवारी २०२१ मध्ये निर्णय देताना दाखवून दिले की, चित्रावर पोर्तुगीज भाषेत कर्करोगाचा स्पष्ट उल्लेख असतानाही यंत्राला तो ओळखता आला नव्हता. पोर्तुगीजसारख्या विस्तीर्ण भाषेची ही कथा असेल, तर मूर्तीखाली मराठीत लिहिलेला परिचय यंत्राच्या निर्णयात किती धरला जाईल याविषयी शंका घेण्यास जागा आहे.

व्हिएन्नाचे संग्रहालय व अल्मोदोवार यांना जग ओळखते, म्हणून त्यांची चित्रे परत आली, ही गोष्ट नजरेआड करता येत नाही. खेड्यातील शिक्षकाने वा नवोदित चित्रकाराने ठेवलेले चित्र गेल्यास त्याची वार्ता होत नाही. म्हणून पुष्कळ कलावंत आपणच आधी चित्राचा तो भाग पुसट करतात. हा परिणाम कोणत्याही निर्णयाच्या दप्तरात सापडणार नाही, आणि कदाचित तोच सर्वांत मोठा आहे.

याचा अर्थ नियमच नको असा मात्र नव्हे. स्त्रीच्या संमतीवाचून तिची छायाचित्रे पसरविणे हा आजचा अत्यंत क्रूर अपराध आहे, आणि त्याची झळ लहान गावातील मुलीला अधिक लागते. केंद्र शासनाच्या २०२१ च्या नियमांत अशी चित्रे तक्रारीनंतर २४ तासांत हटविण्याचे बंधन घालण्यात आले ते याच कारणास्तव. जिवंत व्यक्तीच्या छायाचित्राबाबत यंत्राने घाई केली तर ती क्षम्य मानावी लागेल. आक्षेप आहे तो एकाच घाईने मातीच्या मूर्तीचाही निकाल लावण्यास.

न्यायालयांची दृष्टी या बाबतीत हळूहळू पण निश्चितपणे बदलत गेली आहे. १९५४ साली मुंबईच्या जहांगीर कलादालनात अकबर पदमसी यांच्या 'लव्हर्स' या नावाच्या दोन चित्रांवर पोलिसांनी आक्षेप घेतला व त्यांच्यावर खटला भरला. ते निर्दोष सुटले. १९६५ च्या रणजित उदेशी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने जुन्या इंग्रजी निकषाचा आधार घेतला होता; २०१४ साली अवीक सरकार खटल्यात तो बाजूस सारून समकालीन समाजाचा मापदंड व चित्राचा संपूर्ण संदर्भ यांना महत्त्व दिले. तरीही पदमसी व गोव्याचे फ्रान्सिस न्यूटन सूझा यांच्या सात कलाकृती सीमाशुल्क खात्याने अश्लील ठरवून अडकविल्याच. ऑक्टोबर २०२४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने तो आदेश रद्द केला व प्रत्येक नग्नचित्र अश्लील नसते असे स्पष्ट केले. केरळातील एका मातेने आपल्या अनावृत देहावर मुले चित्र रंगवीत असल्याची चित्रफीत २०२० साली समाजमाध्यमावर ठेविली होती. तिला जून २०२३ मध्ये केरळ उच्च न्यायालयाने आरोपमुक्त केले. स्त्रीच्या देहाचा वरचा भाग अनावृत असणे म्हणजे आपोआप अश्लीलता नव्हे, हा त्या निर्णयाचा गाभा.

मराठीपुरते पाहता रवी जाधव यांच्या 'न्यूड' या चित्रपटाचे उदाहरण अधिक बोलके आहे. यमुना ही स्त्री मुलाच्या शिक्षणासाठी मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत चित्रकारांसमोर विवस्त्र बसते. येथे मातृत्व हे नग्नतेचे केवळ निमित्त नसून कारण आहे. विद्यार्थ्यांना दिसणारा देह आणि मुलापासून लपविलेला देह एकच. नोव्हेंबर २०१७ मध्ये गोव्यातील आंतरराष्ट्रीय महोत्सवासाठी परीक्षकांनी निवडलेला हा चित्रपट केंद्रीय माहिती व प्रसारण मंत्रालयाने यादीतून वगळला. परीक्षक मंडळाचे प्रमुख सुजॉय घोष यांनी राजीनामा दिला. पुढे जानेवारी २०१८ मध्ये प्रमाणन मंडळाने प्रौढांसाठीचे प्रमाणपत्र देऊन तो एकही काटछाट न करता संमत केला आणि एप्रिलमध्ये तो प्रदर्शित झाला. वगळणारा कोण, संमत करणारा कोण व केव्हा, हे येथे निदान सांगता तरी येते. यंत्राच्या निर्णयाबाबत एवढेही सांगता येत नाही. छापील सूचनेतील एका ठरीव वाक्यावर समाधान मानावे लागते.

चित्र उतरविले गेल्यास पुढील मार्ग उपलब्ध आहे. प्रथम त्या माध्यमावरच फेरतपासणीची मागणी करावी. मोठ्या माध्यमांनी स्वतःहून मजकूर हटविल्यास वापरणाऱ्यास कारणे कळवावीत व म्हणणे मांडण्याची संधी द्यावी, असे २०२१ च्या नियमांत आहे. त्याने काम न झाल्यास माध्यमाच्या तक्रार अधिकाऱ्याकडे लेखी तक्रार करावी, आणि त्याचा निर्णय अमान्य असल्यास ३० दिवसांच्या आत केंद्र शासनाने जानेवारी २०२३ मध्ये स्थापिलेल्या तक्रार अपील समितीकडे जावे. तक्रारीत मूर्तीचे द्रव्य, उंची, प्राप्तिस्थान, काळ व ती ज्या संग्रहालयात आहे त्याचे नाव द्यावे. माहिती तंत्रज्ञान कायद्याने अश्लीलतेच्या कलमांतून विज्ञान, साहित्य, कला व विद्या यांच्या हितासाठी केलेले, तसेच धार्मिक कारणासाठी ठेवलेले साहित्य वगळले आहे, याचाही उल्लेख करावा. भारतीय न्याय संहितेच्या २९४ व्या कलमात प्राचीन स्मारके व मंदिरे यांवरील शिल्पांना असाच अपवाद आहे. २०२२ च्या दुरुस्तीनंतर माध्यमांनी आपले नियम आठव्या अनुसूचीतील भाषांतही वापरणाऱ्यास त्याच्या पसंतीनुसार उपलब्ध करावेत, असे ठरले आहे. मराठी ही त्या अनुसूचीतील भाषा आहे. तेव्हा नियमाची मराठी प्रत मागूनच तक्रारीस आरंभ करणे उचित होईल.