संयम नेमका कशाचा?

विट्याच्या परिसरातले दोन तरुण डोळ्यांसमोर आणा. दोघेही काल्पनिक आहेत. पण त्यांच्या तक्रारी कोणत्याही दवाखान्याला नव्या नाहीत.

पहिला गलाई व्यवसायातला. खानापूर-आटपाडी भागातल्या असंख्य कुटुंबांप्रमाणे त्याचेही सोने-चांदी गाळण्याचे दुकान दूर परराज्यात आहे. बायको-मुले गावी. एकटेपणा घालवायला रात्री मोबाइलवर अश्लील चित्रफिती पाहणे सुरू झाले, पुढे पैसे देऊन संबंध. आता दुकान उघडायची वेळ टळते, उसनवारी वाढली आहे. दर वेळी 'ही शेवटची' अशी शपथ घेतो आणि चार दिवसांत मोडतो. दुसरा यंत्रमागावर काम करतो. महिन्यावर लग्न आले आहे. आठवड्यातून दोन-तीनदा हस्तमैथुन करतो. काम नियमित, कर्ज नाही, घरात तंटा नाही. पण 'वीर्य गेले की ताकद गेली' हे त्याने लहानपणापासून ऐकले आहे. त्या धास्तीने दोन पगार शक्तिवर्धक औषधांवर घालवून झाले.

दोघेही डॉक्टरांसमोर एकच वाक्य बोलतात, "मला सेक्सचं व्यसन लागलंय." आणि दोघांनाही बहुतेक ठिकाणी एकच सल्ला मिळतो, "संयम पाळ." पहिल्यासाठी हा सल्ला अपुरा आहे आणि दुसऱ्यासाठी चुकीचा.

दारूचे गणित इथे चालेल का?

व्यसन म्हटले की आपल्याला पूर्ण बंदी आठवते. ते स्वाभाविक आहे. पुण्यात १९८६ मध्ये अवचट दांपत्याने सुरू केलेल्या मुक्तांगणसारख्या केंद्रांनी महाराष्ट्राला शिकवले, की दारूच्या रुग्णाने पहिला घोटच घ्यायचा नाही. 'थोडी घेईन' हे चालत नाही. लैंगिक वर्तनावरचा ताबा सुटणे हेही व्यसनच, असे मांडणारा एक मोठा प्रवाह अमेरिकेत १९७० आणि ८०च्या दशकांत उभा राहिला. पॅट्रिक कार्न्स या मानसशास्त्रज्ञाचे १९८३ मधील पुस्तक त्यातले महत्त्वाचे. या प्रवाहातले अनेक उपचारक सुरुवातीला काही आठवडे सर्व लैंगिक क्रिया थांबवायला सांगतात. मेंदूला उसंत मिळावी, आपण कशापासून पळण्यासाठी हे करत होतो ते रुग्णाला दिसावे, हा त्यामागचा विचार.

पण अल्कोहोलिक्स ॲनॉनिमसच्या बारा पायऱ्यांवर उभ्या राहिलेल्या स्वमदत गटांतही यावर एकमत नाही. 'सेक्साहोलिक्स ॲनॉनिमस'च्या व्याख्येत पती किंवा पत्नीशिवाय कोणाशीही संबंध नाही आणि हस्तमैथुनही नाही. 'सेक्स ॲडिक्ट्स ॲनॉनिमस' मात्र प्रत्येकाला स्वतःची यादी करायला सांगते. माझ्यासाठी नेमके कोणते वर्तन घातक, ते आतल्या वर्तुळात लिहायचे आणि तेवढेच पूर्ण बंद करायचे.

दुसऱ्या बाजूचे तज्ज्ञ म्हणतात, की दारूपेक्षा जेवणाची उपमा इथे अधिक जुळते. दारूवाचून आयुष्य निघते. पण अति खाणाऱ्याला कोणी कायमचे जेवण सोडायला सांगत नाही. नीट जेवायला शिकवतो. कामेच्छाही तशीच शरीराबरोबर आलेली आहे.

आजार कशाला म्हणायचे?

हा वाद नामकरणातही दिसतो. अमेरिकी मानसोपचार संघटनेने २०१३ मध्ये आपल्या निदानसूचीत 'अतिकामुकता' हा आजार घेण्याचे नाकारले. जागतिक आरोग्य संघटनेने मात्र १ जानेवारी २०२२ पासून लागू झालेल्या आयसीडी-११ या सूचीत 'अनिवार्य लैंगिक वर्तनाचा विकार' समाविष्ट केला. पण तो व्यसनांच्या गटात ठेवला नाही. आवेगावर ताबा न राहण्याच्या विकारांत ठेवला.

त्याच्या खुणा स्पष्ट आहेत. तीव्र लैंगिक आवेग वारंवार येतो आणि आवरता येत नाही. तब्येत, घर, काम यांची हेळसांड होते. थांबण्याचे प्रयत्न पुन्हा पुन्हा फसतात, नुकसान दिसत असूनही आणि समाधान फारसे मिळत नसतानाही वर्तन चालूच राहते. आणि हे सारे साधारण सहा महिने किंवा अधिक काळ. याच व्याख्येत एक मोलाची अट आहे. केवळ 'हे पाप आहे' या भावनेतून होणारा त्रास एवढ्यावर हे निदान करता येत नाही.

म्हणजे आपल्या पहिल्या तरुणाला आजार असण्याची दाट शक्यता आहे. दुसऱ्याला हा आजार नाही. त्याला भीती आहे. धातू जातो म्हणून अशक्तपणा आला, या समजुतीतून येणाऱ्या त्रासाला डॉ. नरेंद्रनाथ विग यांनी १९६० मध्ये 'धात सिंड्रोम' हे नाव दिले. त्यात थकवा आणि उदासी खरी असते. कारण म्हणून सांगितलेला वीर्यनाश खोटा असतो. अशा माणसाला आणखी संयम सांगणे म्हणजे भीतीला खतपाणी घालणे. स्वप्नदोष तर कोणत्याही संकल्पाला जुमानत नाही. मग तो स्वतःला आणखी दोषी मानतो.

कर्वे आणि गांधी

मराठी समाजात हा वाद शंभर वर्षांचा आहे. र. धों. कर्वे हे गणिताचे प्राध्यापक. १९२१ मध्ये त्यांनी मुंबईत संततिनियमनाचे केंद्र सुरू केले. या कामापायी १९२५ मध्ये त्यांना कॉलेजातली नोकरी सोडावी लागली. जुलै १९२७ पासून १९५३ मध्ये मृत्यू येईपर्यंत त्यांनी 'समाजस्वास्थ्य' मासिक चालवले. ब्रह्मचर्याने शक्ती साठते आणि हस्तमैथुनाने शरीर खंगते, या समजुतींना वैद्यकीय आधार नाही, असे ते सातत्याने मांडत राहिले. वाचकांच्या लैंगिक शंकांना दिलेल्या उत्तरांवरून १९३४ मध्ये त्यांच्यावर अश्लीलतेचा खटला झाला. त्यांची बाजू डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मांडली. खटला ते हरले.

दुसऱ्या टोकाला महात्मा गांधी. त्यांनी १९०६ मध्ये ब्रह्मचर्याचे व्रत घेतले. डिसेंबर १९३५ मध्ये संततिनियमनाच्या पुरस्कर्त्या मार्गारेट सँगर वर्ध्याला त्यांना भेटल्या, तेव्हाही त्यांनी साधनांपेक्षा आत्मसंयमाचाच आग्रह धरला. पण गांधींचे ब्रह्मचर्य हे विचारपूर्वक स्वीकारलेले व्रत होते. आजारावरचे औषध नव्हते. व्रत ज्याने-त्याने आपल्या श्रद्धेने घ्यावे. डॉक्टरांनी ते चिठ्ठीवर लिहून द्यायचे नसते.

संयमाचा उपयोग कुठे?

याचा अर्थ संयम निरुपयोगी आहे असा नाही. पहिल्या तरुणाने पैसे देऊन ठेवलेले संबंध आणि रात्रभरचा मोबाइल या दोन गोष्टी बंद करायलाच हव्यात. काय थांबवायचे, किती दिवस आणि का, हे ठरलेले असेल तर संयमाचा उपयोग होतो. 'आता आयुष्यभर काहीच नाही' अशी शपथ मात्र उलटते. ॲलन मार्लॅट या मानसशास्त्रज्ञाने १९८०च्या दशकात दाखवून दिले, की पूर्ण बंदीचा संकल्प एकदा मोडला की माणूस 'आता सगळेच बुडाले' म्हणून आणखी खोल जातो. घसरण म्हणजे पराभव नव्हे, हे त्याला आधीच सांगून ठेवावे लागते.

खरे काम संयमाच्या बाहेर असते. आवेग केव्हा येतो? रात्री एकटे असताना, भांडणानंतर, दारूनंतर? त्या वेळी दुसरे काय करायचे? वर्तनोपचारात हेच शिकवतात. स्वीडनमध्ये १३७ पुरुषांवर झालेल्या आणि २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत सात आठवड्यांच्या गटउपचाराने लक्षणे लक्षणीय घटली. काही रुग्णांना औषधांचीही जोड लागते.

पत्नीला या निर्णयातून वगळता येत नाही. नवऱ्याने परस्पर 'तीन महिने संबंध नाही' ठरवले, तर ती शिक्षा तिलाच होते. उलट, बाहेर संबंध आलेला असेल तर एका गोष्टीवर वाद नाही. एचआयव्ही, सिफिलिस यांच्या तपासण्या पूर्ण होऊन डॉक्टर सांगेपर्यंत घरी संबंध टाळावेत, निदान निरोध वापरावा. या काळात तिला अंधारात ठेवणे हा तिच्या आरोग्याशी खेळ आहे. शासकीय रुग्णालयांतील एकात्मिक समुपदेशन व चाचणी केंद्रांत एचआयव्ही चाचणी मोफत होते आणि गुप्तता पाळली जाते.

म्हातारचळ म्हणण्याआधी

काही वेळा संयमाचा प्रश्नच गैरलागू असतो. कंपवातासाठी प्रामिपेक्सोल, रोपिनिरोल अशा गोळ्या घेणाऱ्या काही रुग्णांत कामेच्छा अचानक अनावर होते. घरचे त्याला म्हातारचळ म्हणतात आणि आजोबा शरमेने बोलत नाहीत. डॉक्टरांनी गोळी किंवा तिचा डोस बदलला की बहुतेकांत फरक पडतो. मात्र गोळी मनाने बंद करायची नाही. उन्माद या मानसिक आजारातही असे होते. तिथे झोप कमी, बोलणे आणि खर्च बेसुमार अशी इतर चिन्हे दिसतात. या रुग्णांना शपथा घालणे म्हणजे ताप आलेल्याला 'तापू नकोस' म्हणणे.

म्हणून 'व्यसन लागलंय' असे कोणी म्हणाले, तर आधी तीन प्रश्न विचारावेत. ताबा सुटला आहे की फक्त अपराधी वाटते आहे? नुकसान नेमके काय झाले? दुसरा आजार, औषध किंवा दारू यामागे आहे का? त्यांच्या उत्तरांनंतरच संयमाचे ठरवावे. एसटी स्टँडच्या भिंतीवर रंगवलेल्या 'खात्रीशीर इलाजा'च्या नंबरवर फोन करण्यापेक्षा १४४१६ या 'टेली-मानस' हेल्पलाइनवर करावा. तिथे मराठीत बोलता येते आणि पैसे पडत नाहीत. सांगली-मिरजेच्या शासकीय रुग्णालयांत मानसोपचार विभाग आहे.

लग्न महिन्यावर आलेल्या त्या तरुणाला कदाचित एकच गोष्ट ऐकायची असते: तुला काही झालेले नाही. आणि गलाईच्या दुकानातल्या तरुणाला याच्या बरोबर उलट: तुला आजार आहे, तो शपथेने जाणार नाही, पण उपचाराने आटोक्यात येईल.